कथाकार गुणाढ्य

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन नावाचे गाव आहे. तेथे १७६३ साली पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. परंतु ऐकणाऱ्याचे कुतूहल लढाईपेक्षा गावाच्या नावानेच आधी जागे होते. भुताराक्षसांच्या गोष्टींची ओढ फार जुनी आहे. याच नदीच्या काठाने प्रवाहाच्या वरच्या बाजूस गेले म्हणजे पैठण लागते. हेच प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. अद्भुत कथांचा प्रचंड ग्रंथ रचणारा गुणाढ्य या राजांच्या दरबारी होता, असे परंपरा मानते. इतिहासाने त्याचे चरित्र लिहून ठेवलेले नाही. जे आहे ते कथेच्याच रूपाने आहे, आणि ते अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने आपल्या कथासरित्सागरात सांगितले आहे.

गुणाढ्य बालपणीच पोरका झाला. दक्षिणेत जाऊन त्याने विद्या संपादन केली आणि पुढे तो सातवाहन राजाचा मंत्री झाला.

एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एका राणीने, आता पाणी उडवू नका, असे संस्कृतात विनविले. ‘मा’ म्हणजे नको, ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने. दोन्ही शब्द मिळून ‘मोदकैः’ असा संधी होतो. राजाला तो उमगला नाही. त्याने तत्काळ मोदक मागविले! राणी हसली आणि राजा लाजेने चूर झाला. आपल्याला व्याकरण किती दिवसांत येईल, असे त्याने मंत्र्यांना विचारले. गुणाढ्याने सहा वर्षे सांगितली. शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या मंत्र्याने सहा महिने सांगितले. हे अशक्य आहे, तसे घडलेच तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून देऊ, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली. शर्ववर्म्याने आपला शब्द खरा केला. तेव्हा गुणाढ्य मुका झाला आणि दोन शिष्यांसह विंध्याच्या अरण्यात निघून गेला.

त्या घोर वनात रात्री पिशाच्चे एकमेकांशी बोलत. ती बोली त्याने सोडलेल्या तीन भाषांपैकी नव्हती. ऐकता ऐकता तो ती शिकला आणि काणभूती नावाच्या पिशाच्चाकडून त्याने एक महाकथा ऐकली. सात वर्षे बसून त्याने ती सात लक्ष श्लोकांत लिहिली. वनात शाई कोठून मिळणार? त्याने आपल्या रक्ताने अक्षरे उमटविली. हीच बृहत्कथा. तिची पैशाची भाषा प्राकृतांपैकीच एक होती, असे जुने वैयाकरण सांगतात.

शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजाने तो धिक्कारून परत पाठविला. भाषा न कळल्यामुळे ज्याचे हसे झाले होते, त्यानेच भाषेवरून ग्रंथ नाकारावा, हे विलक्षणच!

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. हरणे, डुकरे, रेडे, पक्षी भोवती जमले. चरणे विसरून ते ऐकत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. इकडे राजाच्या ताटात सुके, निःसत्त्व मांस येऊ लागले व तो आजारी पडला. आचाऱ्यांनी व्याधांकडे बोट दाखविले आणि व्याधांनी वनातील प्रकार सांगितला. राजा धावत गेला. तोपर्यंत सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. शिष्यांना आवडणारा एक लक्ष श्लोकांचा भाग, नरवाहनदत्ताची कथा, तेवढा उरला होता. राजाने तो हात जोडून मागून घेतला. गुणाढ्याने पुढे योगाने देह ठेवला.

दंडी आणि बाण यांच्यासारख्या थोर संस्कृत लेखकांना बृहत्कथा ठाऊक होती. आज तिचा मूळ पैशाची ग्रंथ उपलब्ध नाही. क्षेमेंद्र आणि सोमदेव यांनी काश्मीरमध्ये ती कथा संस्कृतात पुन्हा सांगितली. त्यांच्या ग्रंथांत वेताळाच्या पंचवीस गोष्टीही आहेत. मराठी मुलांना त्या विसाव्या शतकात ‘चांदोबा’ मासिकातून नव्या रूपात भेटल्या. चित्रकार शंकर यांनी तेथे काढलेला विक्रम राजा हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालत असे. त्या चित्राची भीती वाटे. तरीही अंक हाती आला की मुले आधी तेच पान उघडीत.