जनार्दन रघुनाथ मुधोळकर

जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे १९६० ते १९६६ या काळात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. भारतीय घटनाशास्त्रातील मूलभूत संरचनेच्या सिद्धान्ताचे बीज त्यांच्या १९६४ मधील एका निकालपत्रात आढळते. वृत्तपत्रस्वातंत्र्यावरील 'सकाळ' खटल्याचे निकालपत्रही त्यांनीच लिहिले. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते.

पार्श्वभूमी

मुधोळकरांचे घराणे अमरावतीचे. त्यांचे वडील रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर (१८५७–१९२१) यांनी अमरावतीत वकिली केली आणि १९१२ साली बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. त्या काळी अमरावतीच्या वकीलवर्गात वऱ्हाडच्या राजकारणाचे दोन्ही प्रवाह नांदत होते. रावबहादूर मुधोळकर नेमस्त पक्षाचे होते, तर दादासाहेब खापर्डे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन अमरावतीत भरले, त्याचे स्वागताध्यक्ष खापर्डे होते. सनदशीर मार्गावर विश्वास ठेवणाऱ्या वडिलांचा वारसा मुलाच्या निकालपत्रांतील संयत भाषेत शोधण्याचा मोह होतो. मात्र तो अनुमानापुरताच ठेवावा.

नागपूर उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडी जिल्ह्यांतील अपिले तेथे चालत. मुधोळकर या न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती झाली.

'सकाळ' खटला

वर्षभरातच त्यांच्यासमोर पुण्याच्या एका मराठी दैनिकाचे प्रकरण आले. वृत्तपत्रांची किंमत आणि पृष्ठसंख्या यांचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारला दिला होता आणि त्यानुसार १९६० मध्ये आदेश निघाला. हेतू वरकरणी चांगला होता. भांडवलाच्या बळावर अल्प किमतीत भरपूर पाने देणाऱ्या मोठ्या पत्रांपासून लहान पत्रांना संरक्षण मिळावे, असे सरकारचे म्हणणे होते.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला 'सकाळ' त्या वेळी सात नव्या पैशांना विकला जाई आणि रविवार वगळता आठवड्यात ३४ पाने देई. नव्या आदेशानुसार त्याच किमतीत २४ पानेच देता येतील, ३४ पाने द्यायची तर किंमत आठ नवे पैसे करावी लागेल, अशी दैनिकाची तक्रार होती. पत्राच्या वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या.

एका नव्या पैशाचा हा वाद पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. सप्टेंबर १९६१ मध्ये मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने कायद्यातील संबंधित तरतूद आणि आदेश दोन्ही रद्द ठरविले. किंमत वाढली तर वाचक कमी होतात. पाने घटली तर मजकूर कमी होतो. दोन्ही बाजूंनी विचारप्रसाराचीच हानी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषणस्वातंत्र्यात काय सांगावे याबरोबर किती जणांपर्यंत सांगावे हेही येते, असे त्यांनी मानले. नियंत्रण केवळ व्यापारी बाजूवर आहे, हा सरकारचा बचाव त्यांनी स्वीकारला नाही. व्यवसायस्वातंत्र्यावर जनहितासाठी निर्बंध घालता येतात. भाषणस्वातंत्र्यावर मात्र अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच ते घालता येतात, आणि सर्वसाधारण जनहित हे त्यांपैकी नाही, हा या निकालाचा गाभा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये ग्रोजाँ विरुद्ध अमेरिकन प्रेस कंपनी या खटल्यात, अधिक खप असलेल्या वृत्तपत्रांच्या जाहिरात-उत्पन्नावर लुईझियाना राज्याने बसविलेला कर रद्द केला होता. आर्थिक उपायांनीही वृत्तपत्राचा आवाज दाबता येतो, ही जाणीव दोन्ही निकालांत समान आहे. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात 'सकाळ' निकालाचा आधार घेण्यात आला.

सज्जनसिंग खटला

जमीनसुधारणेचे ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घालून त्यांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या सतराव्या घटनादुरुस्तीला सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात आव्हान देण्यात आले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या पीठाने ते फेटाळले. मुधोळकरही याचिका फेटाळण्याशी सहमत होते. म्हणून निकालाच्या दृष्टीने त्यांच्या स्वतंत्र निकालपत्राचा परिणाम शून्य होता. महत्त्व आहे ते त्यांनी अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नांना.

संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते, असे १९५१ च्या शंकरीप्रसाद निकालाने ठरविले होते. मुधोळकरांना ते अंतिम वाटेना. राष्ट्रपतींची निवडणूक, राज्यांचे अधिकार अशा काही तरतुदी बदलण्यास निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. नागरिकांचे मूलभूत हक्क मात्र त्याहून सहज बदलता यावेत, हे त्यांना विचित्र वाटले. उद्देशिका, लिखित संविधान, सत्तेची तीन अंगांत विभागणी यांवरून घटनाकारांना काही वैशिष्ट्ये कायम राहावीत असे अभिप्रेत असावे, असे त्यांनी सुचविले. संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही दुरुस्ती ठरते की त्या भागाचे पुनर्लेखन, आणि पुनर्लेखन असल्यास ते अनुच्छेद ३६८ च्या कक्षेत येते काय, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. पुरेसा युक्तिवाद झालेला नसल्याने त्यावर त्यांनी मत दिले नाही.

या विचाराला त्यांनी आधार घेतला तो शेजारी देशाचा. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फजलुल कादिर चौधरी खटल्यात, मंत्र्यांना कायदेमंडळातील जागा राखू देणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश संविधानाचे मूळ स्वरूप बदलतो म्हणून अवैध ठरविला होता. अमेरिकेतून असा आधार मिळणे कठीण होते. तेथील न्यायालयाने १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून संविधानविरोधी कायदे रद्द करण्याचा अधिकार वापरला, पण आशयाच्या कारणावरून घटनादुरुस्ती कधीच रद्द केली नाही. दारूबंदीच्या अठराव्या दुरुस्तीवरील आक्षेप १९२० मध्ये फेटाळले गेले.

मूलभूत संरचनेच्या सिद्धान्ताचे श्रेय पुष्कळदा जर्मन विद्वान डीट्रिश कॉनरॅड यांच्या बनारस येथील व्याख्यानाला दिले जाते. ते व्याख्यान फेब्रुवारी १९६५ मधील, म्हणजे मुधोळकरांच्या निकालपत्रानंतरचे आहे. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने शंकरीप्रसादचे मत बाजूला सारले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी, संसदेला संविधानाची मूलभूत संरचना बदलता येणार नाही, असे ठरविले.

खडकसिंग खटला

मुधोळकरांचा प्रत्येक कौल काळाच्या कसोटीवर टिकला नाही. पोलीस पाळतीविषयीच्या खडकसिंग खटल्यात (१९६२) ते बहुमताबरोबर होते. रात्री घरी जाऊन तपासणी करण्याची तरतूद बहुमताने रद्द केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मात्र नाकारले. सुब्बा राव आणि शहा या न्यायाधीशांनी वेगळे मत नोंदविले. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचे ते मत रद्द केले.

निवृत्तीनंतर

जुलै १९६६ मध्ये मुधोळकरांनी सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा दिला आणि नव्या वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी परिषदेचे काम सुरू झाले. तो दिवस राष्ट्रीय पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. मार्च १९६८ मध्ये त्यांनी हे पद सोडले. त्यांच्यानंतर 'सकाळ' खटल्याच्या पीठावरील त्यांचे सहकारी न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार परिषदेचे अध्यक्ष झाले.