शाळा सोडलेला शिक्षक : स्वामी रामानंद तीर्थ

हैदराबाद शहरात विद्यानगर नावाचे एक लहानसे रेल्वे स्टेशन आहे. त्याच्या पुढचे स्टेशन जामे उस्मानिया, म्हणजे उस्मानिया विद्यापीठ. ही वस्ती विद्यापीठाच्या शेजारची असल्यामुळे तेथील घरांना विद्यार्थ्यांच्या चळवळी नव्या नाहीत. वेगळ्या तेलंगणासाठी १९६९ साली विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि २००९ मध्ये पुन्हा आले. अशा वेळी आईबापांच्या मनात एकच प्रश्न असतो. आपला मुलगा वर्गात बसेल की मोर्चात जाईल, आणि गेलाच तर त्याच्या शिक्षणाचे काय होईल? हाच प्रश्न ज्यांच्या आयुष्यात अगदी कोवळ्या वयात उभा राहिला, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. वडील प्राथमिक शिक्षक, घरची स्थिती बेताची. पुढील शिक्षणासाठी व्यंकटेश सोलापूरला आला. सोलापूर आपल्या वाचकांना अमेरिकन मराठी मिशनच्या कामामुळे चांगले माहीत आहे. त्या काळी ते गिरण्यांचे गाव होते, आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांचे हाल तेथे रोज डोळ्यांसमोर असत.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईत वारले. व्यंकटेशला सतरावे वर्ष चालू होते. त्या दुःखाच्या भरात त्याने दोन गोष्टी मनाशी ठरविल्या : जन्मभर अविवाहित राहावयाचे आणि आयुष्य देशाला द्यावयाचे. त्याच दिवसांत गांधीजींची असहकाराची हाक आली होती आणि तिच्यात सरकारी शाळांवरील बहिष्कारही होता. व्यंकटेशने शाळा सोडली.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या शपथा आपण फारशा मनावर घेत नाही. एखाद्या सभेत हात वर करणारे पुष्कळ असतात. वर्षभराने त्यांतले किती उरतात हे मंडळीतील तरुणांचे काम पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्या मुलाने सरकारी शाळा सोडली, शिकणे सोडले नाही. तो खानदेशात अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला, आणि तेथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. पुढे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली त्याने काम केले. मग गंभीर आजाराने गाठले आणि कामगारांचे काम सुटले.

१९२९ च्या सुमारास ते हिप्परगा येथे आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, त्या वेळी निजामाच्या राज्यात. तेथील राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. ज्याने शाळा सोडून देशकार्याला आरंभ केला, त्याच्याच हाती शाळा आली! संन्यासाची दीक्षा त्यांनी तेथेच घेतली आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकविले. भगवी वस्त्रे नेसलेला हा शिक्षक मठात बसला नाही, वर्गात उभा राहिला.

त्या राज्यात साधी सभा घेणेही सोपे नव्हते. १९२९ साली निघालेल्या गश्ती निशान ५३ ह्या फर्मानाने सभेला आधी परवानगी लागे. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला व ते हैदराबादेस आले. स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. पुढे सरकारने, नाव बदला म्हणजे बंदी उठवू, असे सुचविले. स्वामीजी त्याला तयार झाले नाहीत. बंदी उठली ती १९४६ साली.

स्वामीजी तुरुंगात असतानाच वंदे मातरमचे प्रकरण झाले. औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत मुले प्रार्थनेच्या वेळी ते गीत म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ऐकले नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. ह्या मुलांपैकी बहुतेकांचा राजकारणाशी हा पहिलाच संबंध, आणि त्याची किंमत पहिल्याच महिन्यात भरावी लागली. दूर खेड्यात शेतीवर कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या बापाला ते पत्र मिळाले असेल तेव्हा काय वाटले असेल, ह्याचा विचार चळवळीचा इतिहास लिहिणारे क्वचितच करतात. नागपूर विद्यापीठाने ह्या मुलांना प्रवेश दिला म्हणून त्यांची वर्षे वाचली. त्यांच्यातच तेलंगणाचे एक विद्यार्थी होते, पी. व्ही. नरसिंह राव. ते पुढे स्वामीजींचे अनुयायी झाले आणि १९९१ मध्ये भारताचे पंतप्रधान. आर्ट्‌स कॉलेजच्या ज्या भव्य इमारतीची चित्रे आज घरोघरी दिसतात, तिचे उद्‌घाटन त्यानंतरच्याच वर्षी, १९३९ साली झाले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकविला म्हणून स्वामीजींना पुन्हा अटक झाली. मध्यंतरी थोडे दिवस ते बाहेर होते, तेवढेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला, तेव्हा ते सुटले.

रझाकारांनी केलेले अत्याचार मराठवाड्यात सर्वांना पाठ आहेत, आणि ते खरे आहेत. पण सैन्य आल्यानंतर त्याच जिल्ह्यांत मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले, तेही खरे आहे. पंडित नेहरूंनी चौकशीसाठी सुंदरलाल समिती पाठविली आणि तिचा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. तरुणांना मुक्तिसंग्राम सांगताना ही बाजू गाळू नये, असे आमचे मत आहे. अन्यायाशी लढणारा तरुण आणि शेजाऱ्याचे घर जाळणारा तरुण एकाच गावात, कधी एकाच आळीत वाढतात.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजी दोनदा लोकसभेत निवडून गेले, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून. हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी हा त्यांचा आग्रह होता, आणि १९५६ मध्ये ती झाली. ज्या राज्यात त्यांनी पुढारीपण मिळविले ते राज्यच त्यामुळे संपले. त्याबद्दल त्यांना खंत वाटलेली दिसत नाही. नंतर ते पुन्हा शिक्षणसंस्थांच्या कामाकडे वळले. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा हाच भाग सर्वांत कमी सांगितला जातो.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचा अंत झाला. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. सोलापूरला केलेली अविवाहित राहण्याची शपथ त्यांनी एक्कावन्न वर्षांपूर्वी घेतली होती. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले तेथे पदवीच्या परीक्षेला बसतात.