गामा पहिलवान: दतिया, भोपाळ, लंडन आणि खुराकाचा हिशेब

तालमीत एखादं पोरगं जरा दांडगं निघालं की त्याला आजही गामा म्हणतात. सीमेच्या अलीकडे म्हणतात आणि पलीकडेही. ताकदीचं चूर्ण किंवा पावडरचा डबा विकणाराही गामाचाच दाखला देतो. त्यामुळे गामा काय खात होता, हा प्रश्न आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही.

गुलाम मोहम्मद बक्ष बट हे त्याचं पूर्ण नाव. जन्म 1878 चा, अमृतसर जिल्ह्यातल्या जब्बोवालचा. वडील अझीझ बक्ष पहिलवान होते, पण गामा सहा वर्षांचा असतानाच ते गेले. मग आजोबा नून पहिलवान आणि त्यांच्यानंतर मामा इडा पहिलवान यांनी पोराला सांभाळलं आणि मातीत उतरवलं. 1888 साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. देशभरातून चारशेहून जास्त पहिलवान आले होते. शेवटी जे पंधराएक जण उभे राहिले, त्यात दहा वर्षांचा गामा होता. वय बघून महाराजांनी त्यालाच विजेता ठरवलं.

तिथून दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या पदरी घेतलं. भोपाळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की झाशीनंतर दतिया लागतं. तेव्हा ते बुंदेलखंडातलं छोटंसं संस्थान होतं. पहिलवान पोसणं ही संस्थानिकांची हौस होती आणि प्रतिष्ठाही. बडोद्यात गायकवाड, कोल्हापुरात शाहू महाराज, तसे दतियात तिथले राजे. दूध, तूप, बदाम, मांस सगळं राज्याच्या खर्चानं. पहिलवानानं फक्त मेहनत करायची.

मेहनत मात्र भयंकर होती. रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर असा आकडा सांगितला जातो. आखाड्यात रोज चाळीसेक जोडीदारांशी लढत व्हायची, असंही सांगतात. गळ्यात दगडी कडं अडकवून तो बैठका मारायचा. तसलं 95 किलोचं एक कडं पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. बडोद्याच्या संग्रहालयात 1200 किलोचा एक दगड आहे. 1902 साली कुस्त्यांसाठी बडोद्याला आलेल्या गामानं तो उचलला, असं त्यावर कोरलेलं आहे. वजनाचा आकडा पचायला जड आहे, पण दगड आहे आणि लेखही आहे.

खुराकाचे आकडेही असेच. कुणी दहा लिटर दूध सांगतं, कुणी पंधरा. बदाम कुणी शेरानं मोजतं, कुणी पसाभर म्हणतं. फळांच्या टोपल्या वेगळ्याच. सांगणारा बदलला की आकडा वाढतो, ही वही काही जुळत नाही. जुळते ती एकच बाब: खुराक मेहनतीच्या मागून यायचा. जितकी बैठक, तितकं दूध. नुसतं दूध प्यायलं असतं तर पोट सुटलं असतं.

वयात आल्यावर गामानं एकेका संस्थानचा मल्ल गाठायला सुरुवात केली. दतियात गुलाम मोहिउद्दीन, भोपाळचा प्रतापसिंह, इंदूरचा अली बाबा सैन, मुलतानचा हसन बक्ष, सगळे हरले. भोपाळ तेव्हा बेगमांचं राज्य होतं आणि आपला मल्ल परक्या संस्थानच्या मल्लाकडून पडणं ही साधी गोष्ट नव्हती. एकटा रहीमबक्ष सुलतानीवाला गामाच्या हाती लागेना. गुजरानवालाचा हा मल्ल जवळपास सात फूट उंच होता आणि गामा साडेपाच फुटांच्या थोडा वर. त्यांच्या कुस्त्या पुन्हा पुन्हा बरोबरीत सुटल्या.

1910 मध्ये बंगालचे धनिक शरतकुमार मित्र यांच्या पैशावर गामा आणि धाकटा भाऊ इमामबक्ष लंडनला गेले. उंची बघून गामाला स्पर्धेत घेईनात. मग त्यानं आव्हान टाकलं की कुठल्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात पाडून दाखवतो. आधी लोकांना थाप वाटली. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्यानं दोनदा चीत केलं, तेव्हा दार उघडलं. 10 सप्टेंबरला जॉन बुल पट्ट्यासाठी पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आला आणि जवळजवळ सगळा वेळ मातीला चिकटून पडून राहिला. 2 तास 35 मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सोडली. 17 तारखेला फेरलढत ठेवली, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाचा झाला. परतल्यावर अलाहाबादेत त्यानं रहीमबक्षलाही हरवलं. पुढे 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हा पहिल्या कुस्तीला इमामबक्ष उतरला होता.

आता उत्तेजकांचं बघू. गामा लंडनमध्ये लढत होता त्याच सुमारास ऑस्ट्रियात शर्यतीच्या घोड्यांची लाळ तपासून औषधं शोधायला सुरुवात झाली होती. घोड्याची तपासणी आधी आली, माणसाची कितीतरी नंतर, कारण घोड्यांवर पैसे लागलेले असत. माणसांना तर 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये उघड उघड औषध चाललं. थॉमस हिक्सला मॅरेथॉन धावतानाच स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पाजली गेली आणि सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. नियमच नव्हता. म्हणून जुन्या पहिलवानांना आजचं स्वच्छतेचं प्रमाणपत्र देण्यात अर्थ नाही. त्या काळच्या आखाड्यात हकिमांचे कुश्ते आणि वैद्यांची भस्मंही चालत, त्यांना कुणी आडकाठी करत नसे.

गामाची खरी कमाई वयात दिसते. जानेवारी 1928 मध्ये पटियाळ्यात झिबिस्कोशी पुन्हा गाठ पडली. गामा पन्नाशीला टेकला होता. समोरचाही तरुण नव्हता, हे सांगायला हवं. मिनिटाच्या आत झिबिस्को पाठीवर होता. अंगात चाळीस वर्षांची मेहनत मुरलेली होती. त्याच 1928 साली आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघानं उत्तेजकांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारी ती पहिली संघटना. पण तपासणीचं तंत्र नव्हतं, त्यामुळे नियम कागदावरच राहिला.

ऑलिंपिकमध्ये तपासणी यायला 1968 उजाडलं. मांसपेशी वाढवणाऱ्या स्टेरॉइडची तपासणी तर 1976 मध्ये. भारतात नाडा ही संस्था आली आणि 2022 मध्ये कायदाही झाला. त्याच 2022 मध्ये भारतात 3,865 नमुने तपासले गेले आणि 125 नमुने सदोष निघाले. भरपूर तपासण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. कुस्तीचं नाव या याद्यांत वरचेवर येतं. ऐन 2016 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादवच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. आपल्याला कुणीतरी अडकवलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाडानं त्याला सोडलंही, पण क्रीडा लवादानं ते मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. भोपाळच्या तात्या टोपे स्टेडियमवर सराव करणारं पोरगं असो की सीमेवरच्या गावातल्या तालमीतलं, राष्ट्रीय स्पर्धेत उतरलं की हाच नियम. डबा कुणी दिला, पावती आहे का, याला तिथे फार किंमत नाही.

स्टेरॉइडनं दंड लवकर फुगतात, पण यकृत आणि हृदयावर त्याची वसुली होते. त्याहून स्वस्त खेळ मेफेंटरमीनच्या इंजेक्शनचा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर जे औषध वापरतात, ते व्यायामशाळेतली पोरं दम टिकावा म्हणून टोचून घेतात. पुण्यासह महाराष्ट्रात काही ठिकाणी पोलिसांनी याचे साठे पकडले आहेत. विकणारे डॉक्टर नसतात आणि घेणारी पोरं विशीच्या आतबाहेरची असतात.

गामाचं उतारवय मात्र ओढगस्तीचं गेलं. 1947 ला फाळणी झाली, संस्थानं गेली, त्यांच्याबरोबर खुराकाचा आधारही गेला. गामा लाहोरात मोहनी रोडवर राहत होता. दंगलीच्या दिवसांत आपल्या गल्लीतल्या हिंदू कुटुंबांसाठी तो दारात उभा राहिला आणि पुढे त्यांना सुखरूप सीमेकडे पोहोचवायची सोय केली. मुलगे त्याच्या हयातीतच गेले. दमा आणि हृदयविकारानं शरीर पोखरलं, औषधाला पैसा पुरेना. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी दोन हजार रुपये आणि महिना तीनशेचं पेन्शन सुरू केलं. पाकिस्तान सरकारनंही उपचाराला मदत केली. 23 मे 1960 रोजी लाहोरात तो वारला. तोवरच्या पन्नासेक वर्षांच्या कारकिर्दीत एकही कुस्ती हरल्याची नोंद त्याच्या नावावर नाही.