दामाजीपंतांनी नेमकं काय दिलं?

सोलापूरहून मंगळवेढ्याला निघालं की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ज्वारी. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात तिला भाव आहे. पंधराव्या शतकात मात्र याच गावातल्या एका माणसावर धान्याचा भाव सोडून मोल ठरवायची वेळ आली.

दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. सरकारी कोठारं त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला, इतका भयंकर की पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजय’मध्ये सांगितलेल्या कथेत पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांकडे जेवायला बसतो आणि भरल्या पानावर रडू लागतो. घरी पोरं उपाशी असतात. पंत कोठारं उघडतात. धान्य बादशहाचं, शिक्षा मात्र आपल्याला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पुढचं तुम्ही आजीकडून ऐकलंच असेल. पंतांना पकडून बिदरला नेत असताना विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात जातो, मोहरा मोजतो, पावती घेतो. पंत सुटतात, नोकरी सोडतात.

मी इथे दर वेळी अडतो. हिशेब चुकता झाला, मग पंतांनी दिलं काय?

१७८५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने एक फरक मांडला. ज्याच्या बदल्यात तेवढंच दुसरं काही ठेवता येतं, त्याला किंमत असते. ज्याला बदलीच नाही, त्याला प्रतिष्ठा. खंडीभर ज्वारीची भरपाई मोहरांनी होते, उपाशी पोराची होत नाही. उपयुक्ततावादी म्हणतील, एवढं कशाला? माणसं जगली ना, म्हणून कृती मोलाची.

इथवर दोघांचं जमतं. पण समजा, वाटलेलं धान्य किडकं निघालं असतं आणि कुणीच वाचलं नसतं, तर? परिणाम मोजणाऱ्यांची अडचण होते. कांटच्या मते मोल त्या निर्णयातच असतं, फळ येवो न येवो. मला कांट पटतो, जरी उपाशी माणसाला निर्णय नाही, भाकरी लागते.

आणि विठूची पावती? ती बादशहासाठी होती. कोठाराचं दार उघडलं, तेव्हा ती येणार हे पंतांना माहीत नव्हतं.