निबंधमालाकार आणि त्यांचा वाचक

विष्णु कृष्ण चिपळूणकर यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री हे नामांकित विद्वान व भाषांतरकार. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर पितापुत्रांच्या हातून पुरे झाले. १८७२ मध्ये पदवी घेऊन विष्णुशास्त्री शिक्षक झाले व जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढले.

मालेचे ८४ अंक निघाले, आणि ते बव्हंशी एकट्याच्या लेखणीतून उतरले. तिचा वाचक मुख्यतः इंग्रजी शिकलेला पांढरपेशा तरुण. मराठीत गंभीर लेखन होणे नाही आणि पूर्वजांच्या इतिहासात अभिमान धरण्याजोगे काही नाही, या समजुती त्याच्या मनात शिक्षणाबरोबरच रुजत होत्या. विष्णुशास्त्र्यांनी त्यांवर महिन्यामागून महिना घाव घातले. गंमत अशी, की त्यासाठी वापरलेली भारदस्त, डौलदार वाक्यरचना त्यांनी जॉन्सन-मेकॉलेंच्याच तालमीत कमावली होती.

हा परिणाम मतांपुरता राहिला नाही. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० रोजी टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल उघडले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. आर्यभूषण छापखाना व चित्रशाळा उभी राहिली, आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले.

याच लेखणीची दुसरी बाजू मात्र नजरेआड करता येत नाही. जोतीराव फुले यांच्या ग्रंथांतील युक्तिवादाला भिडण्याऐवजी मालाकारांनी त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेची टर उडविली. लोकहितवादींवरही असाच मारा केला. त्यामुळे जातिभेदाविषयीचे अडचणीचे प्रश्न हसण्यावारी नेण्याची सोय उच्चवर्णीय वाचकाला आयतीच मिळाली. स्वाभिमान आणि तुच्छता त्याच्या हाती एकाच अंकातून पडत होती. पण प्रत्येक वाचकाने दोन्ही सारख्याच घेतल्या, असे नव्हे. आगरकरांनी शास्त्रीबोवांची स्वावलंबनाची वाट धरली, सामाजिक मते धरली नाहीत. १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून त्यांनी पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला.

ते पाहण्यास विष्णुशास्त्री हयात नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. मालेतील ‘आमच्या देशाची स्थिति’ हा अखेरचा निबंध सरकारने १९१० मध्ये जप्त केला. ती बंदी १९३७ मध्ये उठली.