घड्याळ नव्हतं, म्हणून गॅलिलिओनं वेळ चक्क तराजूत तोलला

नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणं असतात. अनेकांनी ती अर्थ न कळताच घोकलेली असतात. त्यातला 'टी' म्हणजे वेळ. आज तो मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पण ज्या माणसानं या समीकरणांमागचा नियम शोधला, त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळच नव्हतं.

1600 च्या सुमारास युरोपातल्या बहुतेक घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा. दिवसभरात दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होणं नेहमीचंच होतं. आणि उंचावरून सोडलेला दगड तर दोन-तीन सेकंदांत जमिनीवर येतो. मग ते पडणं मोजायचं कसं?

गॅलिलिओ गॅलिली म्हटलं की दुर्बीण आठवते, पिसाचा झुकता मनोरा आठवतो आणि चर्चसोबतचं भांडण आठवतं. पण त्याचं सगळ्यात टिकाऊ काम झालं ते एका उतरत्या लाकडी फळीवर. ते छापून यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला आणि तोवर त्याची दृष्टीही गेली होती.

गॅलिलिओचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 चा, इटलीतल्या पिसा शहरातला. वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचे आणि संगीतशास्त्रावर लिहायचे. जुन्या ग्रंथांत लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट मान्य करायची, हे त्यांना पटत नसे. तारेचा सूर एका सप्तकानं चढवायचा तर तिला दुप्पट वजन लटकवावं लागतं, असं तेव्हा मानलं जायचं. व्हिन्चेन्झोंनी वजनं लटकवून पाहिली. दुप्पट नाही, चौपट लागलं. पोरानं पुढे जे केलं त्याचं मूळ बहुधा याच घरात होतं.

मुलानं डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. 1581 मध्ये त्यानं पिसा विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला, पण मन रमलं गणितात. 1585 मध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला. चार वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला.

झुकत्या मनोऱ्यावरून त्यानं दोन गोळे टाकल्याचा किस्सा याच काळातला सांगतात. तो लिहिला त्याचा शिष्य विव्हियानी यानं, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर. त्या काळची दुसरी कुठलीच नोंद सापडत नाही. त्यामुळे हा किस्सा जरा जपूनच सांगावा.

1591 मध्ये वडील गेले. थोरला मुलगा म्हणून घराचा भार, बहिणीच्या हुंड्यासकट, त्याच्यावर आला. 1592 मध्ये जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणून तो पादुआला गेला आणि 18 वर्षं तिथंच राहिला. पैशांची चणचण तरीही होतीच. त्यासाठी त्यानं खासगी शिकवण्या घेतल्या, विद्यार्थ्यांना घरात पेइंग गेस्ट ठेवलं आणि लष्करी हिशोबांसाठीचा एक कंपास बनवून विकला.

फळीचा प्रयोगही पादुआतल्याच वर्षांतला.

गॅलिलिओनं विचार केला, पडणारी वस्तू फार वेगात जाते ना? मग तिला हळू करू. उतारावरून घरंगळणारा गोळासुद्धा पडतच असतो, फक्त सावकाश. त्यानं साधारण 12 ब्राच्चो लांबीची फळी घेतली. ब्राच्चो म्हणजे हात, तिथलं लांबीचं माप. फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारे 58 सेंटिमीटरचा होता, दुसऱ्या शहरात तो वेगळा असायचा. फळीत बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली, ती घासून गुळगुळीत केली आणि आतून चर्मपत्र लावलं. फळीचं एक टोक हात-दोन हात उचललं आणि खाचेतून ब्राँझचा गोळा सोडला.

आता वेळ. त्यानं पाण्याचं एक मोठं भांडं उंचावर ठेवलं. तळाला बारीक नळी. गोळा सुटला की नळी मोकळी करायची, गोळा पोहोचला की बंद करायची. तेवढ्या वेळात पेल्यात जमलेलं पाणी नाजूक तराजूत तोलायचं. पाणी दुप्पट तर वेळ दुप्पट. बास.

यात सेकंद कुठंच नाही आणि त्याची गरजही नव्हती. एका वेळेची दुसऱ्या वेळेशी तुलना करायची असेल तर एकक कुठलंही चालतं. दोन्हीकडे तेच वापरलं म्हणजे झालं.

पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एका ओळीत बसले. पहिल्या ठोक्याला गोळा जेवढं अंतर जातो, त्याच्या तिप्पट दुसऱ्या ठोक्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. बेरीज करत गेलं की 1, 4, 9, 16. म्हणजे एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

त्याच्या हिशोबांचे कागद आजही फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. 1970 च्या दशकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकानं त्यातल्या एका पानाकडे लक्ष वेधलं. त्यावर एकाखाली एक आठ आकडे आहेत: 33, 130, 298, 526, 824, 1192, 1620, 2104. हे एकक होतं 'पुन्तो', आपल्या मिलिमीटरपेक्षा किंचित लहान. आता 33 ला 4 नं गुणा, 132 येतात. 9 नं गुणा, 297. शेवटच्या 64 नं गुणलं तर 2112. प्रत्यक्ष मोजलेला आकडा 2104, म्हणजे दोन मीटरच्या अंतरात फरक सेंटिमीटरचाही नाही!

या पानावर समान वेळेचे ठोके त्यानं कसे पकडले असतील? ड्रेकचा अंदाज असा, की फळीवर आडव्या तारा बांधून गोळा त्यावरून जाताना होणारा आवाज तालात येईपर्यंत त्यानं त्या सरकवल्या असाव्यात. गॅलिलिओ स्वतः ल्यूट वाजवायचा, त्यामुळे ताल किंचित चुकला तरी त्याच्या कानाला कळत असणार. हा अंदाजच आहे, पण पटण्यासारखा आहे.

नियम हातात आला म्हणून कारणही लगेच कळलं असं मात्र नाही. 1604 मध्ये त्यानं पाओलो सार्पी या मित्राला पत्रातून नियम कळवला आणि स्पष्टीकरण चुकीचं दिलं. वस्तू जितकं अंतर पडते तितका तिचा वेग वाढतो, असं त्याला वाटलं. ऐकायला बरोबर वाटतं, पण सुरुवातीला अंतर शून्य असतं. मग वेगही शून्य, आणि गोळा जागचा हलणारच नाही! वेग वाढतो तो अंतराच्या नाही, वेळेच्या प्रमाणात, हे त्याच्या लक्षात आलं नंतर. आज आपण ज्याला एकसमान त्वरण म्हणतो ते हेच.

हे सगळं पुस्तकात यायला हवं होतं. पण 1609 मध्ये दुर्बीण आली आणि गॅलिलिओचं आयुष्य दुसरीकडेच वळलं. चंद्रावरचे डोंगर, गुरूचे चार चंद्र, 1610 चं गाजलेलं पुस्तक, फ्लॉरेन्सच्या दरबारात मानाची जागा. मग पृथ्वी सूर्याभोवती फिरते यावरून 1616 मध्ये चर्चची ताकीद, 1632 मध्ये 'डायलॉग' हा ग्रंथ आणि 22 जून 1633 ला रोममध्ये गुडघे टेकून केलेला मतत्याग. तेव्हा तो 69 वर्षांचा होता.

शिक्षा जन्मभराच्या कैदेची होती, तिची नजरकैद झाली. 1633 च्या अखेरीस तो फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातल्या आपल्या घरी परतला. थोरली मुलगी मारिया चेलेस्ते जवळच्याच मठात नन होती. त्याच्या दोन्ही मुली लग्नाशिवायच्या नात्यातून झालेल्या, त्यामुळे लहान वयातच त्यांची रवानगी मठात झाली होती. वडिलांना लिहिलेली तिची 124 पत्रं आज उपलब्ध आहेत. बाप घरी आल्यावर चारेक महिन्यांतच, 2 एप्रिल 1634 रोजी ती गेली. वय 33.

त्यानंतर त्यानं जुने कागद पुन्हा काढले. फळी, गोळा, पाण्याचं भांडं, सगळं आता लिहायचं होतं. पण त्याचं काहीही छापायला चर्चची बंदी होती. 1636 मध्ये हॉलंडचा प्रकाशक एल्झेव्हिर त्याला भेटून गेला आणि हस्तलिखित इटलीबाहेर पोहोचलं. 1638 मध्ये लायडन शहरात 'दोन नवी शास्त्रं' छापून आलं. हे आपल्या नकळत घडलं, असा आव गॅलिलिओनं त्यात आणला आहे. तोवर त्याला दिसायचं पूर्ण बंद झालं होतं.

विसाव्या शतकात काही इतिहासकारांना हा प्रयोग कागदी वाटला. पाणी तोलून इतकी अचूकता येणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. 1961 मध्ये थॉमस सेटल यानं तशीच फळी आणि तसंच भांडं वापरून तो करून पाहिला. आकडे जमले.

एका ठिकाणी मात्र गॅलिलिओ सपशेल चुकला होता. 'डायलॉग'मध्ये त्यानं 100 ब्राच्चो उंचीवरून पडणाऱ्या गोळ्याला 5 सेकंद लागतात असं लिहिलं. म्हणजे सुमारे 58 मीटर. खरं तर साडेतीन सेकंदही लागत नाहीत. प्रमाणं बरोबर होती, पण ती सेकंदात बसवायला लागणारं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं.

ते बनवण्याचा प्रयत्न त्यानं अगदी शेवटी केला. लंबकाचा झोका वेळ राखतो हे त्याला बऱ्याच आधी कळलं होतं. 1641 मध्ये त्यानं लंबकाच्या घड्याळाची रचना मुलाला आणि विव्हियानीला तोंडी सांगितली. चित्र काढलं गेलं, घड्याळ पूर्ण झालं नाही. 8 जानेवारी 1642 ला गॅलिलिओ वारला. चालणारं लंबकाचं घड्याळ 1656 मध्ये ह्युजेन्सनं बनवलं.

त्याआधीच बोलोन्या शहरात रिच्चिओली नावाचा जेझुइट पाद्री कामाला लागला होता. पृथ्वी स्थिर आहे असं मानणारा हा माणूस, म्हणजे विरोधी गोटातला. एक लंबक सेकंदाशी जुळवण्यासाठी त्यानं आपल्या सहकारी पाद्र्यांना सलग 24 तास आळीपाळीनं झोके मोजायला बसवलं. मग शहरातल्या उंच असिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले. 1651 मध्ये त्यानं निकाल छापला: गॅलिलिओचा सेकंदांचा आकडा चूक, पण 1, 3, 5, 7 चा नियम बरोबर.