क्रोहर्स्टचं लॉगबुक

डोनाल्ड क्रोहर्स्टबद्दल वाचलं आणि दोन दिवस डोक्यात तोच होता. जन्म १९३२, आपल्या गाझियाबादचा. स्वातंत्र्यानंतर कुटुंब इंग्लंडला परतलं. पुढे हा इलेक्ट्रॉनिक्सवाला झाला. बोटींना रेडिओवरून दिशा सांगणारं यंत्र बनवून विकायचा, पण धंदा काही चालेना.

१९६८ मध्ये संडे टाइम्सने शर्यत जाहीर केली : शिडाच्या बोटीतून, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. कमीत कमी दिवसांत येणाऱ्याला ५००० पौंड. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, आणि हा पठ्ठ्या निघाला त्याच दिवशी! (सबमिशन आठवलं ना?)

बोट ४० फुटी, तीन सांगाड्यांची. अशी बोट उलटली की आपोआप सुलटी होत नाही. त्यावर त्याची आयडिया होती, डोलकाठीच्या टोकाला फुगणारी पिशवी. पिशवी बसली, पण ती फुगवणारी यंत्रणा अपुरीच राहिली. थोड्याच दिवसांत झाकणांतून पाणी शिरू लागलं. तेव्हा त्याने शांतपणे हिशोब मांडला : दक्षिणेच्या महासागरात जगायची शक्यता फार तर फिफ्टी-फिफ्टी. मला तर हे त्याचं सगळ्यात उत्तम इंजिनिअरिंग वाटतं. पण परतावं तर करारानुसार बोट स्वतः विकत घ्यावी लागणार, आणि घर आधीच गहाण.

मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटा प्रवास कळवू लागला. खोटं लॉगबुक लिहायचं म्हणजे न गेलेल्या जागेवरून सूर्य किती उंच दिसला असता, ते उलटं गणित रोज करायचं. खऱ्या रीडिंगपेक्षा ही मेहनत जास्त!

२२ एप्रिल १९६९ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पहिला पोचला. त्याची ३२ फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, बरं का. मागे होता नायजेल टेटली. क्रोहर्स्ट पाठलाग करतोय असं समजून त्याने मोडकळीला आलेली बोट दामटली आणि २१ मेला ती बुडाली. तो वाचला. क्रोहर्स्टला मात्र टेटलीच्या मागून गुपचूप यायचं होतं. आता जिंकणार तोच, म्हणजे लॉगबुक तपासलं जाणार. लाटांचा हिशोब त्याने केला होता, ह्याचा नव्हता.

शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला बोट सापडली, रिकामी. लॉगबुकं आतच होती. मागे बायको आणि चार मुलं.

५००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले. त्याने ते क्रोहर्स्टच्या घरच्यांना देऊन टाकले.